अंगात काही बसवलंय का?

कंबर धरून आलेल्या पेशंटला मी आधी कंबरेबद्दल विचारत नाही. "अंगात काही बसवलंय का?" हा माझा पहिला प्रश्न, आणि त्यावर बहुतेकांचं पहिलं उत्तर "काही नाही." लपवायचं असतं असं नाही. दुखतेय कंबर आणि बाई भलतंच काय विचारतेय, असं त्यांना वाटतं. शिवाय पेसमेकर बसून चार-पाच वर्षं झाली, चक्कर थांबली, की माणूस तो विसरून जातो. विसरता येतो हेच तर त्या यंत्राचं यश.

म्हणून मी एकेक नाव घेऊन विचारते. छातीत मशीन? स्प्रिंग? झडप बदललीय? गुडघ्याची वाटी? रॉड, प्लेट, स्क्रू? कानात ऑपरेशन करून बसवलेलं काही? मेंदूचं, मणक्याचं ऑपरेशन? बायकांना हळूच, "तांबी बसवलीय का?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सासू बाहेर गेल्याशिवाय मिळत नाही. एवढं करूनही "काही नाही" आलं, तर शर्टाची वरची दोन बटणं काढायला सांगते. गळ्याच्या डाव्या हाडाखाली, कातडीच्या आत काडेपेटीएवढा उंचवटा आणि वर एक पुसट वण दिसला, की "अहो, हे काय?" "हां, ते होय? ते हार्टचं हाय."

माझं कराडमध्ये फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. येणारे पेशंट म्हणजे ऊस करणारे शेतकरी, एसटीचे चालक, निवृत्त शिक्षक, दिवसभर पोळ्या लाटणाऱ्या बायका. त्यांतल्या निम्म्यांना दारातच माहीत असतं की त्यांना काय हवंय. "मॅडम, करंट लावा" किंवा "शेक द्या." करंट म्हणजे टेन्स किंवा आयएफटी, कातडीवर पट्ट्या चिकटवून विजेचे सौम्य झटके देणारी मशिनं. शेक म्हणजे डायथर्मी, मशीनने आतून दिलेली ऊब. व्यायाम सांगितला की चेहरा पडतो. पैसे देऊन व्यायाम?

तात्यांची गोष्ट सांगते, म्हणजे मुद्दा नीट कळेल. तात्या सत्तरी ओलांडलेले. हार्ट ब्लॉक झाला, म्हणजे हृदयातला विजेचा इशारा वाटेत अडू लागला, म्हणून पेसमेकर बसवलेला. कंबर जुनीच दुखणारी, पण अलीकडे दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी पाजायला गेलं की अर्ध्या सरीतच बसावं लागायचं. वीज रात्रीची, पाणी थंड, खोऱ्याचा दांडा आखूड. पुण्याच्या मुलाने प्रेमाने एक टेन्सचं मशीन ऑनलाइन मागवून घरी पाठवलं होतं. ते खोक्यासकट घेऊन तात्या आले. "हे कुठं चिकटवायचं तेवढं दाखवा, बाकी आमचं आम्ही करतो." खोक्यातला कागद मी त्यांच्यासमोर उलगडला. मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत पहिल्याच इशाऱ्यात लिहिलेलं होतं, पेसमेकर असलेल्यांनी वापरू नये. तात्यांना इंग्रजी येत नाही, आणि मुलाने खोकं उघडलंच नव्हतं, परस्पर पत्ता टाकलेला.

"कंबरेला लावलेला करंट छातीपर्यंत कशाला जाईल?" तात्यांचा हा प्रश्न रास्त होता, आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं होतं.

पेसमेकर नुसता ठोके देत नाही, आधी ऐकतो. हृदयातून येणारा विजेचा इशारा काही मिलिव्होल्टचा, म्हणजे अगदी क्षीण असतो. हृदय आपणहून धडकलं तर पेसमेकर गप्प राहतो, नाही धडकलं तर ठोका देतो. शेजारी लाऊडस्पीकर लागल्यावर दारावरची थाप ऐकू येऊ नये, तसं या यंत्राचं बाहेरच्या करंटमुळे होतं. फक्त उलटा घोळ असा, की ते त्या आवाजालाच थाप समजतं. टेन्सचे झटके म्हणजे हृदयाचेच ठोके असा त्याचा समज झाला, तर "चालू आहे की हृदय" म्हणून ते गप्प बसतं. ज्याचं हृदय पूर्णपणे पेसमेकरच्या आधारावर आहे, त्याला मग चक्कर येते, शुद्धही जाऊ शकते. शॉक देणारं यंत्र, म्हणजे आयसीडी, असेल तर आणखी वाईट. हृदय बेताल धावतंय असं समजून ते विनाकारण शॉक देऊ शकतं. तो शॉक खाल्लेली माणसं सांगतात, छातीवर घोड्याने लाथ मारल्यासारखं वाटलं.

प्रत्येक वेळी असं होतं का? नाही. नव्या यंत्रांत असा गोंगाट ओळखून तो गाळायची सोय असते, तारांची रचनाही आता सुधारली आहे. ईसीजी लावून, हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली पेसमेकरवाल्यांना टेन्स दिल्याचे दाखले आहेत. पण माझ्या क्लिनिकात ना ईसीजी, ना हृदयरोगतज्ज्ञ, आणि तात्यांच्या घरी तर तात्याच. आयएफटीचंही तेच. त्यात चार हजार हर्ट्झच्या आसपासचे दोन प्रवाह अंगात एकमेकांना छेदतात, आणि खोलवर कुठे कुठे पसरतात ते बाहेरून दिसत नाही. तेव्हा पेसमेकर आणि आयसीडीवाल्यांना माझ्याकडे करंट नाही. यात घासाघीस नाही.

डायथर्मीबद्दल तर मी आणखी कडक आहे. शॉर्टवेव्ह डायथर्मी म्हणजे २७.१२ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींनी आतून दिलेला शेक. अंगात धातूची तार असेल तर ती अँटेनासारखी ही ऊर्जा गोळा करते, आणि तारेचं टोक जिथे असेल तिथलं मांस तापतं. डिसेंबर २००२ मध्ये औषधं आणि उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने यावर जाहीर इशारा दिला. मेंदूत खोलवर तारा बसवलेले दोन पेशंट डायथर्मीनंतर दगावले होते. एकाला दातांच्या शस्त्रक्रियेनंतर डायथर्मी दिली होती, दुसऱ्याला पाठीच्या कण्याच्या जुन्या वाकासाठी. शेक पाठीचा, आणि इजा मेंदूत, तारेच्या टोकाशी. त्याच इशाऱ्यात आणखी एक गोष्ट होती, जी मी शिकाऊ मुलांना दोनदा म्हणायला लावते: यंत्र बंद केलं तरी धोका टळत नाही. तापते ती तार, आणि तार बंद करता येत नाही.

यातला एक भाग आमच्या लहान क्लिनिकांत फार दुर्लक्षित आहे. दोन कॉटांच्या मध्ये आपण कापडी पडदा लावतो. पडद्यापलीकडे कुणाच्या खांद्याला डायथर्मी चालू असेल, तर रेडिओलहरींना तो पडदा दिसतही नाही. त्यामुळे तात्या आले की ते मशीन बंद, नाहीतर तात्या बाहेर बाकावर. यावरून बाकीचे पेशंट कुरकुरतात. कुरकुरू देत.

गुडघ्याची वाटी, मांडीतला रॉड यांची गोष्ट वेगळी. त्यांना बॅटरी नाही, फसायला काही नाही. शेकाच्या टप्प्यात धातू येऊ नये एवढंच सांभाळायचं. कंबरेतच स्क्रू असतील तर डायथर्मी नाही. तांबी असलेल्या बाईच्या कंबरेलाही मी ती लावत नाही. स्टेंट, म्हणजे लोकांची 'स्प्रिंग', करंटने बिघडत नाही. तिथे काळजी गोळ्यांची, त्याकडे येतेच.

आता खरा मुद्दा. करंट नाही, शेक नाही हे ऐकून तात्यांनी खोकं बंद केलं आणि म्हणाले, "म्हंजे आमच्यासाठी विलाजच न्हाई म्हणा की." ही समजूत मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती नेमकी उलटी आहे. जुनाट कंबरदुखीत या यंत्रांनी फार काही साधतं असा पुरावा मुळातच नाही. उपचारांची सूत्रं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं, कंबरदुखीला टेन्स, आयएफटी, अल्ट्रासाउंडचा शेक देऊ नका, ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून कंबर ताणणं नको, पट्टे देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी आपली पहिली मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांतही टेन्स, अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन, पट्टा हे 'नको'च्या यादीत आहेत. 'हवं'च्या यादीत व्यायाम आहे, पेशंटला त्याचं दुखणं समजावून सांगणं आहे. म्हणजे पेसमेकरमुळे तात्यांचं जे हुकलं, ते धडधाकट माणसालाही मी फारसं द्यायला नको. हे लिहिताना मला माझी आयएफटीची दोन मशिनं कोपऱ्यात दिसताहेत, हप्ते फेडून घेतलेली. व्यवसायातली मंडळी रागावतील. पण ताजं दुखणं घेऊन आलेल्या, घाबरलेल्या माणसाला वीस मिनिटं आराम पडावा, तो व्यायामाला तयार व्हावा, यापलीकडे त्यांचा उपयोग मी सांगत नाही.

तात्यांना तपासलं तेव्हा कंबरेइतकाच डावा खांदा आखडलेला निघाला. पेसमेकर बसवल्यावर चार ते सहा आठवडे तो हात खांद्याच्या वर न्यायचा नसतो, कारण नव्या तारा हृदयात रुतून बसायला वेळ लागतो. दवाखान्यातून निघताना हे सांगतात. पण 'आता वर करा' असं सांगायला पुढे कुणी घरी येत नाही. काकूंनी तात्यांना आजतागायत डावा हात वर करू दिलेला नव्हता. बंडीसुद्धा त्याच घालायच्या. हात वर जात नाही म्हणून तात्या प्रत्येक कामाला पाठीतून वळत होते, खोरं मारतानाही. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून होकार आणला आणि खांद्यापासून सुरुवात केली. काकू भिंतीला टेकून, पदर तोंडाला लावून बघत होत्या. तार निसटेल अशी त्यांची भीती. जुन्या, पक्क्या बसलेल्या तारेला साध्या हालचालीने काही होत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं होतं. मी फोन लावून दिला.

व्यायाम नेहमीचेच, थोडे बदलून. पालथं झोपून करायचे व्यायाम पेसमेकरच्या जागेवर दाब आला की टोचतात, म्हणून तेच उभं राहून, ओट्यावर हात टेकून. पाठीवर झोपून कंबर उचलायची, खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं. श्वास कोंडायचा नाही. मोठ्याने आकडे मोजत केलं की तो आपोआप सुटा राहतो. चालणं प्रीतिसंगमावर, नदीकाठी, सकाळी, सोबत कुणीतरी घेऊन. खोऱ्याला लांब दांडा. हा दांडा म्हणजे माझ्या मते अर्धा उपचार. आयसीडीवाला पेशंट असता तर आणखी एक आकडा मागवला असता: किती ठोक्यांवर यंत्र शॉकची तयारी करतं? चालताना-चढताना नाडी त्याच्यापेक्षा दहा-वीस ठोके खालीच ठेवायची.

शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी कंबरेला खुशाल घ्या. त्यात वीज नाही, लहरी नाहीत. पेसमेकरच्या जागेवर ठेवू नका, आणि मधुमेहाने कातडी बधिर झाली असेल तर पिशवी टॉवेलात गुंडाळा. गरम पाण्याच्या पिशवीने भाजलेल्या कंबरा मी पेसमेकरच्या भानगडींपेक्षा जास्त पाहिल्यात.

गोळ्यांबद्दल. मी गोळ्या लिहून देत नाही, पण घोळ दिसतो. एक मावशी येतात, लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप गेलेली, तिथे यांत्रिक झडप बसवलेली. कार्डावर 'चित्रा' लिहिलंय. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली ही भारतीय झडप, १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसवली. अशी झडप असली की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, तपासत राहायचं. मावशींच्यासारख्या मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला तो साधारण अडीच ते साडेतीन ठेवतात. कंबर दुखली की मावशी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून खायच्या. रक्त पातळ असताना ही गोळी पोटात रक्तस्राव घडवू शकते. गावच्या डॉक्टरकडे 'एक सुई मारा' म्हणायचं तर तेही नको, कारण अशा पेशंटच्या स्नायूत सुई टोचली की आत रक्त साकळू शकतं. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी, पण रोज, बरेच दिवस घेतली तर तिनेही आयएनआर वर जातो, म्हणून तेही डॉक्टरांना सांगूनच. ट्रामाडॉलनेही जातो. स्टेंट घातलेल्यांची गुठळी रोखणारी ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल चालू असते, त्यांनाही मेडिकलवरची वेदनाशामकं हाच धोका. हृदय कमजोर असलेल्यांच्या अंगात याच गोळ्या पाणी साठवतात, किडनीवरही ताण आणतात. आणि यातलं सगळ्यात धोकादायक काय, तर कंबरेत इंजेक्शन घ्यायचंय म्हणून रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करणं. यांत्रिक झडपेवर गुठळी धरते. ती गोळी कधी थांबवायची, मधे काय द्यायचं, हे हृदयाचे आणि मणक्याचे डॉक्टर मिळून ठरवतात. मावशींच्या पाठीला मी जोराचं मालिशही करत नाही. काळेनिळे डाग पडतात. 'कडाकड मोडून देणाऱ्या'कडे जाऊ नका हे त्यांना दर खेपेला सांगते, आणि त्या दर खेपेला "न्हाई जात" म्हणतात.

एमआरआयचा प्रश्न सगळे विचारतात. 'पेसमेकर असला की एमआरआय कधीच नाही' हे आता खरं राहिलेलं नाही. अमेरिकेत २०११ साली एमआरआयला चालणाऱ्या पहिल्या पेसमेकरला मंजुरी मिळाली, आणि आता आपल्याकडेही असे पेसमेकर बसतात. पण यंत्र आणि तारा दोन्ही त्या जातीच्या हव्यात, स्कॅनआधी यंत्राचं सेटिंग बदलावं लागतं, नंतर पूर्ववत करावं लागतं, आणि हे करणारा माणूस तिथे हजर हवा. म्हणून ते ओळखपत्र जपा. काकूंनी तात्यांचं कार्ड लोखंडी कपाटात, सोन्याच्या डबीत ठेवलं होतं. मी त्याचा फोटो मुलाच्या, सुनेच्या आणि तात्यांच्या मोबाइलमध्ये टाकायला लावला. आणि मोबाइल डाव्या खिशात ठेवायचा नाही हेही त्याच दमात सांगितलं.

पण एमआरआय हवाच कशाला, हेही विचारा. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात, ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा ऐंशीच्या घरातल्या लोकांपैकी ९६ टक्क्यांच्या मणक्यांतल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. तात्यांची गादी झिजलेली असणारच. ती पाहून उपचार बदलणार नसेल तर रिपोर्टमुळे फक्त भीती वाढते.

मात्र काही वेळा मी व्यायाम बाजूला ठेवून पेशंटला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवते. लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, पायातला जोर गेला, हे कुणालाही लागू. पण पेसमेकर किंवा झडप असलेल्याला नवं पाठदुखणं आणि सोबत ताप, थंडी, वजन उतरणं असेल, तर ती कंबरदुखी समजायचीच नाही. झडपेला किंवा तारेला जंतू लागले की ते रक्तातून मणक्यात जाऊन बसू शकतात, आणि कधी कधी पहिली तक्रार पाठीचीच असते. रात्री पडल्या पडल्याही दुखतं, विसावा नाही, अंगात कणकण. असं कुणी सांगितलं की मी हात लावत नाही, चिठ्ठी देते. पेसमेकरची जागा लाल, गरम, सुजलेली दिसली तरी तेच.

राहिले चुंबकवाले. कंबरेचे चुंबकीय पट्टे, चुंबकाच्या गाद्या, आणि गावोगावी फुकट शेक देणारी ती गरम दगडांच्या पलंगांची दुकानं. लोहचुंबक पेसमेकरजवळ आला की यंत्र ऐकणं सोडून एका ठरावीक लयीत ठोके देत सुटतं. आयसीडीजवळ आला तर ते शॉक द्यायचंच थांबवतं, म्हणजे ज्या कामासाठी बसवलं तेच बंद. कंबरेचा पट्टा छातीपासून लांब असतो हे खरं, पण तो घालताना-काढताना, उशाशी ठेवताना लांब राहतो का? गादीत तर चुंबक खांद्याखालीही असतात. पाठीला त्यांचा फायदा होतो असा पुरावाही नाही, मग एवढा हिशोब करायचाच कशाला? पलंगवाल्यांच्या दुकानात शिरताना "मला पेसमेकर आहे" एवढं मोठ्याने म्हणून बघा. काही दुकानांत तेच हात जोडतात.

शेवटी, माझ्यासारख्या छोट्या क्लिनिकवाल्यांसाठी. हृदयरोगतज्ज्ञांना मी लांबलचक पत्र लिहीत नाही. कोणतं यंत्र, केव्हा बसवलं, पेशंट त्याच्यावर किती अवलंबून आहे, हातावर काही बंधन आहे का, नाडी किती वर जाऊ द्यायची, आयसीडी असेल तर कितीवर शॉक, रक्त पातळ करणारी कुठली गोळी. कार्डाच्या फोटोसोबत एवढंच पाठवते. उत्तर बहुधा रात्री दहानंतर, ओपीडी संपल्यावर, दोन ओळींत येतं. तात्यांच्या वेळी आलं होतं: "व्यायाम करू दे, करंट नको. पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरला टेकून उभं राहू नये म्हणावं." दुसरी ओळ मी विचारलीच नव्हती. तात्यांना वाचून दाखवली तर म्हणाले, "त्यास्नी कसं कळलं?"